खाऱ्या पाण्याच्या टाकीतील शेवाळ : नवशिक्यांसाठी नियंत्रणाचा क्रम

खाऱ्या पाण्याची टाकी घरात सुरू केली की पहिल्या तीन-चार महिन्यांत तिच्यात शेवाळ येतेच. ते अजिबात येऊ नये म्हणून धडपडण्यापेक्षा ते कशाच्या जोरावर वाढते आहे, हे शोधण्यात वेळ घालवलेला बरा. शेवाळाला प्रकाश हवा, नायट्रेट हवे आणि फॉस्फेट हवे. यांतला प्रकाश आपणच लावतो आणि उरलेली दोन्ही द्रव्ये मुख्यतः आपण ओतलेल्या पाण्यातून व आपण टाकलेल्या खाद्यातून टाकीत पोचतात. शेवाळ मारणारी औषधाची बाटली हे मूळ कारण हलवत नाही. औषधाने मेलेले शेवाळ टाकीतच कुजते, त्यातली द्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात आणि पुढच्या पिकाची सोय होते. म्हणून आधी शेवाळ ओळखणे, मग द्रव्यांची आवक रोखणे, त्यानंतर वाढलेले शेवाळ हाताने बाहेर काढणे आणि सर्वांत शेवटी शेवाळ खाणारे जीव आणणे, असा क्रम ठेवावा. बहुतेक नवशिके नेमके उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

हा लेख मुंबई-पुण्याच्या घरात बसेल अशा, साधारण १५० ते २०० लिटरच्या, केवळ मासे आणि कृत्रिम खडक असलेल्या टाकीसाठी आहे. भारतात प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण आहे, त्यामुळे समुद्रातून काढलेले प्रवाळाचे तुकडे, मग ते मेलेले का असेनात, टाकीच्या सजावटीसाठी घेऊ नयेत. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा तयार खडक घ्यावा. मात्र अशा कोऱ्या खडकावर जिवाणूंची वस्ती बसायला वेळ लागतो आणि मोकळी जागा शेवाळ आधी पटकावते, हे मनाशी धरून चालावे.

पहिली पायरी : काय उगवले आहे ते ओळखा

काचेवर, वाळूवर आणि खडकावर दिसणारे सगळेच शेवाळ नसते. उपाय प्रकारानुसार बदलतात, आणि एका प्रकाराचा उपाय दुसऱ्यावर केल्यास नुकसानही होते. त्यामुळे या पायरीवर घाई करू नये.

टाकी सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांतच वाळूवर तपकिरी भुकटी पसरल्यासारखा थर दिसतो. हे डायटम. त्यांना कवचासाठी सिलिकेट लागते आणि ते नळाच्या पाण्यातून किंवा नव्या वाळूतून येते. पाणी शुद्ध असेल तर सिलिकेट संपते आणि हा थर आपोआप ओसरतो. त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. काचेवर येणारा हिरवा पातळ थर तर निरोगी टाकीतही येतो, तो दोन-तीन दिवसांनी चुंबकाच्या घासणीने पुसायचा एवढेच.

खरा त्रास केसाळ शेवाळाचा. खडकाला घट्ट धरून राहिलेले, प्रवाहात हलणारे हिरवे तंतू दिसले की नायट्रेट-फॉस्फेटची आवक जास्त आहे असे समजावे. तंतूंना पिसासारख्या बारीक फांद्या असतील तर ते ब्रायोप्सिस, आणि ते साध्या केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असते. खडकाच्या खाचेत हिरव्या, चकचकीत, टणक मण्यांसारखे काही दिसले तर ते व्हॅलोनिया. हे मणी टाकीत न फोडता मुळापासून सुटे करून बाहेर काढावेत.

वाळूवर लालसर-जांभळा, लिबलिबीत पापुद्रा पसरला असेल आणि तो दुधावरच्या सायीसारखा अखंड उचलला जात असेल, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहेत. पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात आणि सेंद्रिय गाळ साचलेल्या जागी ते प्रथम दिसतात.

शेवटचा प्रकार डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे आणि त्यांच्या टोकांना अडकलेले हवेचे बुडबुडे ही त्यांची खूण. रात्री ते बरेचसे नाहीसे होतात आणि दिवे लागल्यावर काही तासांत परततात. डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट यांत गोंधळ होत असेल तर घरगुती चाचणी करता येते. थोडा चिकटा टाकीतल्या पाण्यासह लहान बाटलीत घ्यावा, बाटली जोरात हलवावी, ते पाणी टिश्यू पेपरातून गाळून काचेच्या पेल्यात दिव्याखाली ठेवावे. तासाभरात गाळलेल्या पाण्यात पुन्हा गुठळ्या आणि धागे जमू लागले, तर ते डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता मोठी आहे.

गुलाबी किंवा जांभळा, खडकाला चिकटलेला टणक चुनखडी थर दिसला तर आनंद मानावा. ते कोरलाइन शेवाळ आहे. ते ज्या जागेवर बसते तिथे केसाळ शेवाळाला सहजी बस्तान बसवता येत नाही. काचेवरून ते खरवडले तरी हरकत नाही, खडकावर मात्र राहू द्यावे.

दुसरी पायरी : पाण्याची वाट तपासा

माझ्या मते शेवाळाच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे उत्तर इथे सापडते, कारण आपल्याकडे घरी आरओ असला की पाणी शुद्धच आहे असे गृहीत धरले जाते. पिण्यासाठीच्या अनेक आरओ यंत्रांत टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचे प्रमाण) ठरवणारा कंट्रोलर असतो, जो न गाळलेले थोडे पाणी चवीसाठी पुन्हा मिसळतो. काहींत क्षार घालणारी मिनरल कार्ट्रिज असते. माणसाला हे पाणी चांगले, पण टाकीसाठी ते योग्य नाही. शे-दोनशे रुपयांना मिळणारा टीडीएस मापक त्या पाण्यात बुडवून पाहावा. आकडा ४० किंवा ६० दाखवत असेल तर ते विरघळलेले पदार्थ नेमके कोणते आहेत हे मापक सांगत नाही, आणि त्यांत सिलिकेट, नायट्रेट वा फॉस्फेट असू शकते.

टाकीसाठी आरओच्या पडद्यामागे (मेम्ब्रेननंतर) डीआय रेझिनची, म्हणजे पाण्यातले उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी जोडलेली हवी आणि तिच्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य हवा. टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज यांच्या आधीच टाकीसाठी वेगळा फाटा काढून घेण्याचे काम आरओची देखभाल करणारा तंत्रज्ञ सहज करून देतो. रेझिन संपत आले की सिलिकेट सर्वांत आधी निसटते, तेही बऱ्याचदा मापकावर शून्य दिसत असतानाच. त्यामुळे आकडा १ किंवा २ झाला की रेझिन बदलावे, १० होण्याची वाट पाहू नये. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येणाऱ्या सोसायट्यांत रेझिन लवकर संपते, हा खर्च आधीच धरून ठेवावा.

आता बाष्पीभवनाकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचे तापमान २७ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून चिलर नसलेले लोक टाकीवर पंखे लावतात. पंख्यामुळे पाणी थंड होते ते बाष्पीभवनामुळेच, आणि पाणी उडाले तरी मीठ व इतर सर्व क्षार टाकीतच राहतात. त्यामुळे पातळी भरून काढण्यासाठी नेहमी गोडे, शून्य टीडीएसचे पाणीच घालावे. खारे पाणी घातल्यास क्षारता चढत जाते. याच ठिकाणी अनेकजण रोजचे दोन-तीन लिटर नळाचे पाणी "एवढ्याने काय होते" म्हणून ओततात. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत हे प्रमाण १५० लिटरच्या जवळ जाते, म्हणजे पूर्ण टाकीभर नळाच्या पाण्यातले क्षार टाकीत साचतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर केसाळ शेवाळ फोफावते. दोष मग पावसाळी हवेला दिला जातो.

मीठ शून्य टीडीएसच्याच पाण्यात मिसळावे. सागरी मत्स्यालयासाठीचे तयार मीठ साधारणपणे लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम लागते, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजणाऱ्या उपकरणावर, १.०२५ च्या आसपास आकडा आला पाहिजे. मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राचे पाणी भरून आणण्याचा मोह टाळावा. त्यात सांडपाण्याचा अंश असतो आणि पावसाळ्यात क्षारताही उतरते.

तिसरी पायरी : खाद्य कमी करा, धुऊन द्या

टाकीत येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फरसचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचाच असतो. माशांनी खाल्लेले, न खाल्लेले आणि विष्ठेवाटे बाहेर टाकलेले सर्व शेवटी कुजते. त्यातून अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट तयार होते आणि फॉस्फेट पाण्यात उतरते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. माशांनी काचेपाशी येऊन तोंडे उघडली म्हणजे ते उपाशी आहेत असे नव्हे. माणूस दिसला की खाणे येते, एवढेच ते शिकलेले असतात.

गोठवलेले आर्टेमिया किंवा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जलचर) देताना चौकोनी तुकडा तसाच टाकीत टाकू नये. तो वाटीत टाकीतल्याच थोड्या पाण्यात विरघळू द्यावा, चहाच्या गाळणीत गाळून घ्यावा आणि खालचे गढूळ पाणी फेकून द्यावे. बाजारातून आणलेली करंदी किंवा कोळंबी बारीक कापून देणारेही पुष्कळ आहेत, आणि मांसाहारी माशांसाठी ते चांगले खाद्य आहे. फक्त ती ताजी, कोळणीकडची घ्यावी. पाकिटातल्या गोठवलेल्या सोललेल्या कोळंबीवर पाणी धरून ठेवण्यासाठी बऱ्याचदा फॉस्फेटची प्रक्रिया केलेली असते, म्हणजे शेवाळासाठी आयते खत. पाकिटावरील घटकांची यादी वाचावी.

चौथी पायरी : प्रकाश

प्रवाळे नसलेल्या टाकीत दिवे माशांना पाहण्यापुरतेच लागतात. सहा तास पुरेत, आठ तासांच्या पुढे जाऊ नये, आणि टायमर लावावा. टाकी सुरू झाल्यावर जिवाणू स्थिरावेपर्यंतच्या चार ते सहा आठवड्यांत दिवे बंद ठेवले तरी चालतात. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर टाकीची जागा बदलावी किंवा पडदा लावावा.

पाचवी पायरी : हाताने बाहेर काढा

या कामाचा कंटाळा येतो, पण शेवाळाच्या शरीरात अडकलेले नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर नेण्याचा याहून सोपा मार्ग नाही. अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी आणि एक जुना, साबण न लागलेला टूथब्रश घ्यावा. ब्रश नळीच्या तोंडाशी रबरबँडने असा बांधावा की ब्रशचे केस नळीच्या कडेपुढे थोडे राहतील. नळीचे दुसरे टोक खाली ठेवलेल्या बादलीत सोडून पाणी वाहते करावे आणि एका हाताने खडक धरून दुसऱ्या हाताने तंतूंच्या मुळाशी घासावे. सुटलेला तंतू टाकीत तरंगत न जाता सरळ नळीत ओढला जातो. घासण्याआधी बोटांच्या चिमटीने जितके उपटून येते तितके काढून घेतले तर नळी तुंबत नाही. नळी तोंडाने ओढून सुरू करू नये, हातपंप वापरावा. बादली भरली की थांबावे, कारण हेच पाणी त्या आठवड्याचे बदलायचे पाणी असते.

खडक सुटा असेल तर तो टाकीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत नेऊन घासणे अधिक चांगले. चिवट जागेवर खडक पाण्याबाहेर असताना ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडून काही मिनिटे थांबावे, मग खाऱ्या पाण्यात खळबळून परत ठेवावा. औषधाच्या दुकानातले पेरॉक्साइड बऱ्याचदा ६ टक्के तीव्रतेचे असते, तेव्हा लेबल वाचून ते निम्मे पातळ करावे. हातमोजे घालावेतच. परदेशात राहणाऱ्या आणि प्रवाळे पाळणाऱ्या वाचकांसाठी एक गंभीर सूचना : झोअँथिड व पॅलिथोआ या प्रवाळांसारख्या जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असू शकते, त्यामुळे त्यांचा खडक घासताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि असा खडक कधीही उकळू नये; वाफेतून विषबाधा होते.

सहावी पायरी : मोजा, पाणी बदला, गाळणी साफ ठेवा

नायट्रेट आणि फॉस्फेट या दोन चाचण्या दर आठवड्याला एकाच वारी कराव्यात आणि वहीत लिहाव्यात. माशांच्या टाकीत नायट्रेट ५ ते २० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असले तर समाधान मानावे. मोजमापाचे एकक नीट वाचावे. काही डिजिटल मापके फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग) दाखवतात. तो आकडा ३.०७ ने गुणून १००० ने भागला की फॉस्फेटचे पीपीएम मिळते. काही संच नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात, त्याला ४.४ ने गुणावे लागते. आणखी एक फसगत लक्षात ठेवावी. खडक हिरवागार असताना चाचणी शून्य दाखवते, ती खोटी नसते; पाण्यात उतरलेले सर्व शेवाळाने आधीच खाल्लेले असते. अशा वेळी आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

पाणी बदलण्याकडून किती अपेक्षा ठेवावी, यासाठी साधा हिशेब करावा. नायट्रेट ४० असलेल्या टाकीचे १० टक्के पाणी बदलले तर ते ३६ वर येते, २५ टक्के बदलले तर ३० वर. दर आठवड्याला १० टक्के या वेगाने, मधल्या काळात नवीन काहीच तयार झाले नाही असे धरले तरी, चार आठवड्यांनी ते सुमारे २६ असेल. म्हणूनच आवक न रोखता केवळ पाणी बदलत राहणाऱ्यांची दमछाक होते. फॉस्फेट तर त्याहून हट्टी आहे, ते खडकात आणि वाळूत मुरलेले असते आणि पाण्यातले प्रमाण घटले की हळूहळू बाहेर येत राहते.

प्रोटीन स्किमर ही खाऱ्या पाण्याची मोठी सोय आहे. तो बारीक बुडबुड्यांच्या फेसावर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ कुजण्याआधीच उचलून कपात जमा करतो. मात्र कपाच्या आतल्या गळ्यावर चिकट थर बसला की फेस वर चढत नाही, म्हणून तो गळा दर दोन-तीन दिवसांनी पुसावा. गाळाची पिशवीही तितक्याच वेळाने धुवावी. अडकलेला गाळ आठवडाभर तसाच ठेवला तर तो पाण्यातच कुजतो आणि गाळणीचा उपयोग उरत नाही.

एवढे करूनही फॉस्फेट ०.२ च्या वर राहत असेल, तर लोहयुक्त शोषक दाणे, ज्यांना छंदातले लोक जीएफओ म्हणतात, ते वापरता येतात. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करावी. मुख्य टाकीखाली गाळणीची वेगळी टाकी असेल आणि तिच्यात जागा असेल तर किटोमॉर्फा हे गुंडाळीसारखे वाढणारे शेवाळ रात्री स्वतंत्र दिव्याखाली वाढवणे हा मला अधिक आवडणारा उपाय आहे. ते वाढले की मूठभर उपटून फेकायचे, त्यासोबत नायट्रेट आणि फॉस्फेटही जाते. उपटलेले कोणतेही शेवाळ समुद्रात किंवा खाडीत टाकू नये. ते वाळवून कचऱ्यात टाकावे.

सातवी पायरी : शेवाळ खाणारे जीव

ट्रोकस, सेरिथ आणि नेराइट या गोगलगायी काचेवरचा व खडकावरचा पातळ थर चांगला खातात. लांब वाढलेले केसाळ शेवाळ मात्र त्या बहुधा सोडून देतात, म्हणून त्यांना पाचव्या पायरीनंतरच आणावे. भारतात काही मोठ्या सागरी गोगलगायींनाही कायद्याचे संरक्षण असल्याने जात आणि मूळ विचारूनच खरेदी करावी. सुरुवातीला पाच-सहा पुरेत. दुकानदार टाकीच्या लिटरवर संख्या सांगतो, पण खायला शेवाळ किती आहे त्यावर ती ठरली पाहिजे; उपाशी मेलेली गोगलगाय स्वतःच टाकीत कुजते. माशांपैकी सॅलेरियस ब्लेनी मध्यम टाकीत राहू शकतो. टँग जातीचे मासे शेवाळ खातात हे खरे, पण त्यांना पोहायला किमान चार फूट लांबीची टाकी हवी, आणि शेवाळासाठी टँग घेणे म्हणजे रोजच्या खाद्यात भर घालणेच होय.

टाकीत गोगलगायी किंवा खेकडे असतील तर तांबेयुक्त औषध कधीही घालू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावर ते वेगळ्या टाकीत द्यावे, कारण तांबे अपृष्ठवंशी जीवांना मारते.

अपवाद : लाल पापुद्रा आणि तपकिरी धागे

सायनोबॅक्टेरियासाठी पापुद्रा नळीने ओढून काढावा, त्या कोपऱ्यात लहान पंप लावून प्रवाह वाढवावा आणि वाळूतला गाळ उपसावा. गरज पडल्यास तीन दिवस टाकी कापडाने झाकून पूर्ण अंधार करावा. या काळात हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू ठेवावा, कारण मेलेले जिवाणू कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक टाकण्याचा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो मानू नये. टाकीचा सारा डोलारा ज्या उपयुक्त जिवाणूंवर उभा आहे, त्यांनाही त्याची झळ बसू शकते.

डायनोफ्लॅजेलेटची गोष्ट उलटी आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेल्या, अतिस्वच्छ टाकीत ते बळावतात, कारण त्यांच्याशी स्पर्धा करणारे साधे शेवाळ आणि जिवाणू तिथे उपाशी असतात. अशा वेळी जीएफओ काढून टाकावे, पाणी बदलणे काही आठवडे थांबवावे, खाद्य थोडे वाढवावे आणि दोन्ही आकडे मोजता येतील इतके वर येऊ द्यावेत. काही जाती विषारी असतात आणि त्या खाल्लेल्या गोगलगायी मरतात, तेव्हा गोगलगायी अचानक उलथून पडू लागल्या तर तपकिरी थराकडे पुन्हा नीट पाहावे.

किती दिवस लागतात, आणि सुट्टीत काय

आवक रोखल्यावरही केसाळ शेवाळ मागे हटायला सहसा सहा ते दहा आठवडे लागतात. आधी तंतूंचा गडद हिरवा रंग फिका पडतो, मग टोके पांढरट होतात आणि घासताना मुळे सहज सुटू लागतात. नेमके याच वेळी सोडलेले नायट्रेट-फॉस्फेट पाण्यात येते, म्हणून या टप्प्यावर पाणी बदलणे आणि सैल झालेले तंतू काढणे वाढवावे. या काळात एका वेळी एकच बदल करावा आणि दोन आठवडे त्याचा परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाताना टाकी शेजाऱ्यांवर सोपवली जाते आणि माशांची दया येऊन ते मूठभर खाद्य टाकतात. जाण्याआधी प्रत्येक दिवसाचे खाद्य कागदाच्या पुडीत बांधून, वार लिहून ठेवावे आणि उरलेला डबा कपाटात कुलूपबंद करावा. निरोगी, मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतात, तेव्हा शनिवार-रविवारच्या सहलीसाठी पुडीही ठेवू नये. शेजाऱ्यांना फक्त वरची पातळी भरण्यासाठी शून्य टीडीएसच्या पाण्याचा कॅन दाखवून ठेवावा आणि त्यावर ठळक अक्षरांत "नळाचे पाणी नको" असे लिहावे.